कॅप्टन एलवुडचं ‘झकास’

एलवुड इन्सलीच्या हातात उकडलेला खेकडा नुसता ठेवा. कवच उघडायची गरज नाही. एकदा वरखाली तोलून तो सांगणार, आत मांस किती, पाणी किती आणि हा गडी कुठल्या खाडीच्या तोंडाशी सापडला. आणि चुकणार नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, अख्ख्या चेसापीक उपसागराच्या काठावर असा दुसरा माणूस काढून दाखवा. आता हे तो स्वतःच सांगत फिरतो, ती गोष्ट वेगळी. पण खरं असेल तर सांगायला कसली लाज?

शिक्षण विचाराल तर आठवी. त्या वर्षी मार्चमधल्या वादळात बापाची होडी रिकामी सापडली आणि चौदा वर्षांचा एलवुड दुसऱ्या दिवशी शाळेऐवजी धक्क्यावर गेला. धाकटी नेडीन तेव्हा सहा वर्षांची. तिला त्यानं पार बारावीपर्यंत शिकवली. थंडीत बेटावरून पुलापलीकडे शाळेची बस पकडायला रोज आपल्या ट्रकमधून सोडायचा. तिला सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी होडीवरून थेट गेला आणि रबरी बुटांसकट पहिल्या रांगेत बसला. तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवतो, “माझी बहीण असं पत्र लिहिते की वॉशिंग्टनचे साहेब अर्थ बघायला पुस्तकं काढतात.”

बेटावर एक रीत आहे. होडी धक्क्याला लागली की कुणीतरी विचारणार, “काय कॅप्टन, कसं काय?” आणि उत्तर ठरलेलं, “झकास!” खेकड्यांचे पिंजरे भरून आलेले असोत नाहीतर तळाशी नुसता चिखल असो. रडगाणं कुणी गात नाही. पुलापलीकडच्या माणसापुढे तर नाहीच नाही. बाप गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमधली माणसं गाडीतून मदत घेऊन आली होती. आईनं दार अर्धंच उघडलं. “झकास आहोत आम्ही,” म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग ती दाराला पाठ लावून कितीतरी वेळ उभी होती. एलवुडनं ते पाहिलं होतं. आपली आई म्हणजे काय चीज आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. नेडीननंही पाहिलं होतं, टेबलाखालून.

पुढे त्यानं स्वतःची शेड टाकली. खेकडे वाफवायचे, लांबलचक स्टीलच्या टेबलावर ओतायचे आणि बायकांनी बसून सोलायचे. पांढरं मांस वेगळं, नांग्यांचं वेगळं, मग बर्फात डबे. हे काम मशीनला जमत नाही. बोटभर पात्याची सुरी आणि मनगट, एवढंच भांडवल. पूर्वी बेटावरच्याच बाया हे करायच्या. त्या म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या मुली पुलापलीकडे नर्स झाल्या, बँकेत लागल्या. त्यांना नावं ठेवायची नाहीत. नेडीननं खेकडे सोलावेत असं एलवुडलाही कधी वाटलं नव्हतं.

मग मेक्सिकोतल्या बाया यायला लागल्या. ताबास्कोच्या एका गावातल्या दहा जणी, एप्रिलमध्ये यायच्या, नोव्हेंबरमध्ये जायच्या. सरकार त्यासाठी हंगामी व्हिसा देतं. त्यांची म्होरकी ओब्दुलिया. बावीस वर्षं आली. पहिल्या वर्षी एलवुडनं तिला सुरी कशी धरायची ते शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी तिनं त्याला, की तो आयुष्यभर चुकीची धरत होता. हे मात्र तो कुणाला सांगत नाही. दहा जणींच्या दहा सुऱ्या शेडच्या भिंतीवर टांगलेल्या. प्रत्येकीच्या मुठीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. ओब्दुलियाची लाल.

दर मार्चला तिचा फोन यायचा.

“कॅप्टन, बॅग भरली. मिरच्या किती बाटल्या आणू?”

त्यांच्याकडच्या मण्याएवढ्या हिरव्या मिरच्या, सिरक्यात घातलेल्या. एलवुड खेकड्याच्या सूपमध्ये त्या टाकायचा आणि नाकातून पाणी गाळत म्हणायचा, “काही तिखट नाहीत.”

“दोन आण. मागच्या वेळच्या गोड निघाल्या.”

“गोड! ऐका गं, कॅप्टनला गोड लागल्या!” आणि मागून हसण्याचा गलका.

व्हिसाचं असं आहे की ते मोजके. मागणारे त्याच्या तिप्पट. हॉटेलवाले, बागकामवाले, मासळीवाले सगळे जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांत अर्ज टाकतात आणि मग सरकार चिठ्ठ्या काढल्यासारखं नंबर लावतं. वीस वर्षं धंदा करणारा आणि काल दुकान उघडलेला, दोघे एकाच टोपलीत. त्याआधी गावात जाहिरातही द्यावी लागते, की बाबांनो, कुणाला हे काम हवंय का? नेडीन दर वर्षी देते. गेल्या वर्षी एक जण आला होता. सकाळी आठला सुरी हातात घेतली, बाराला जेवायला म्हणून गेला. एलवुड म्हणतो, “फार भूक लागली असणार बिचाऱ्याला. अजून जेवतोय.”

गेल्या वर्षी पाचच बायकांचे व्हिसा झाले, तेही जूनमध्ये. पाच खुर्च्या रिकाम्या. तेव्हा नेडीन, जिला एलवुडनं ऑफिसात बसवण्यासाठी शिकवलं होतं, ती पहाटे चारपासून टेबलाशी बसायला लागली. वय त्रेपन्न. ऑगस्टपर्यंत तिचं उजवं मनगट सुजून भाकरीसारखं झालं. डॉक्टरनं पट्टा बांधला आणि सांगितलं, आता यापुढे सुरी नाही. तीन हॉटेलांनी मांस वेळेवर मिळत नाही म्हणून दुसरीकडे सोय केली. धक्क्यावर कुणी विचारलं की एलवुड म्हणायचा, “झकास.”

यंदा जानेवारीत नंबर लागला तो शेवटच्या गटात. म्हणजे एकही बाई नाही.

बेटावरच्या मिस लव्हर्नचंही तेच झालं होतं. लव्हर्न सत्तर वर्षांची, चर्चच्या पलीकडची शेड तिची. शेडवाल्यांच्या संघटनेची ती अध्यक्ष. ती दर वर्षी चार मालकांना घेऊन वॉशिंग्टनला जायची, व्हिसांची संख्या वाढवा म्हणून सांगायला. ती इन्सलींच्या शेडवर आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “यंदा तू चल, एलवुड.”

“मी कशाला? नेडी बोलते ना. तिचं बोलणं म्हणजे...”

“नेडीनचं ऐकून त्यांचे कान किटलेत, हनी. कागद वाचणारी माणसं ते रोज बघतात. ज्याचे हात खेकड्यांनी फोडलेत असा माणूस त्यांना बघू दे. ज्या साहेबाला भेटायचंय तो संसदेतल्या एका सभासदाचा कारभारी, त्या सभासदाचं एक मत आपल्याला मिळालं ना, तर यंदाच जादा व्हिसा सुटतील. एका मतावर अडलंय.”

नेडीननं त्याला तीन वाक्यं लिहून दिली. गेल्या वर्षी निम्म्याच बायका आल्या. आमचं भागलं नाही. यंदा कुणी आलं नाही तर आमची शेड बंद होईल.

“एवढंच बोलायचं,” ती म्हणाली. “पुढे एक शब्द नाही. म्हणून दाखव.”

“गेल्या वर्षी निम्म्याच बायका आल्या.”

“पुढे?”

“पुढे माहितीय मला.”

“एलवुड.”

“आमचं... अगं, येतंय मला! मी काय शाळेत आहे का?”

वॉशिंग्टनला अडीच तास लागतात. उपसागराच्या मोठ्या पुलावर ट्रक चढला तेव्हा नेडीननं पुन्हा म्हणायला लावलं. पहिलं वाक्य तो खणखणीत म्हणायचा. दुसऱ्याला घसा साफ करायचा. तिसऱ्याला पुलाखालच्या एखाद्या होडीकडे बोट दाखवून म्हणायचा, “ही बघ, ही कुणाची? इतक्या आत पिंजरे टाकतोय, मूर्ख आहे.” त्यानं चर्चचा कोट घातला होता. नेडीननं लांब बाह्यांचा निळा ड्रेस घातला होता आणि मनगटाचा पट्टा मुद्दाम बाहीवरून बांधला होता, साहेबाला दिसावा म्हणून.

साहेबाचं नाव व्हिटकोम. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, सभ्य माणूस. सगळ्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. लव्हर्ननं बर्फातला एक डबा त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं आभार मानले आणि तो बाजूला सरकवला. एलवुडच्या ते डोळ्यांत खुपलं. तसलं मांस, आणि माणूस झाकणही उघडत नाही!

“मिस्टर इन्सली,” व्हिटकोम म्हणाला, “आमच्या राज्यात समुद्र नाही. तेव्हा मला अगदी पहिल्यापासून सांगा. आमचे मतदार विचारतात, बाहेरून माणसं कशाला? तुमच्या शेडवर नेमकं काय झालं?”

“गेल्या वर्षी निम्म्याच बायका आल्या,” एलवुड म्हणाला. खणखणीत.

“मग तुम्हाला जड गेलं असेल.”

आता बघा. माणसानं समोरून दार उघडून दिलं होतं. ‘हो’ म्हणायचं होतं. पण त्या गुळगुळीत टेबलापलीकडून, पांढऱ्या बोटांचा, पुलापलीकडचा माणूस विचारत होता, तुम्हाला जड गेलं का. आणि एलवुडच्या डोळ्यांपुढे अर्धं उघडलेलं दार आलं.

“जड?” तो म्हणाला. “इन्सलींना?”

लव्हर्ननं खोकून पाहिलं.

“नाही, म्हणजे ऑर्डरी वगैरे अडल्या असतील,” व्हिटकोम म्हणाला.

“साहेब, चौतीस वर्षांत या एलवुड इन्सलीची एक ऑर्डर अडलेली नाही. निम्म्या बायका होत्या ना? होत्या. कुणाला कळलं सुद्धा नाही. माझी बहीण आहे ना ही, ही एकटी तिघींचं काम करते. बघा तिच्याकडे. आणि ऑफिस सांभाळून! उपसागरावर असं घर दुसरं दाखवा.”

“म्हणजे निम्म्या माणसांत तुमचं भागलं?”

“झकास भागलं.”

तो शब्द तोंडातून निसटला. व्हिटकोमनं वहीत लिहून घेतलं. कुत्सितपणे नाही, सरळ, शाळेतली पोरं घेतात तसं. मग तो नेडीनकडे वळला.

“मॅडम, तुम्हाला काही वेगळं सांगायचंय?”

लव्हर्न नेडीनकडे बघत होती. तिचे डोळे म्हणत होते, बोल. नेडीन भावाकडे बघत होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि चर्चच्या कोटाच्या बाहीतून ते हात बाहेर आले होते, नांग्यांच्या जुन्या खुणांनी भरलेले. ‘माझा भाऊ खोटं बोलतोय’, एवढंच म्हणायचं होतं, पुलापलीकडच्या माणसासमोर. नेडीननं उजवा हात टेबलाखाली घेतला.

“नाही,” ती म्हणाली. “तो म्हणतो तसंच.”

कुठेतरी मतदानाची घंटा वाजली. व्हिटकोम उठला, सगळ्यांशी हात मिळवले. दाराबाहेर पुढची मंडळी उभीच होती.

बाहेर फूटपाथवर लव्हर्ननं एलवुडचा कोट धरला. “अरे मेल्या, आपण गरज सांगायला आलो होतो! बढाई मारायची हौस होती तर बेटावर मारायचीस. तिथे फुकट ऐकतात.”

“मी ते... तो ज्या सुरात विचारत होता...”

“तो चांगल्या सुरात विचारत होता! आणि तू गं? तुला काय झालं होतं?”

 नेडीन बाहीवरचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधत होती, दातांत एक टोक धरून. एलवुडनं मदतीला हात पुढे केला. तिनं बांधू दिला. परतीच्या अडीच तासांत ती एवढंच म्हणाली, “पुढच्या पंपावर थांब, मला कॉफी हवी.” तो शिव्या खायला तयार होता. कॉफी घेऊन आला तर तिनं थँक्यू म्हटलं. ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र लिहायला घेतलं. स्वतः, नेडीनला न सांगता. ‘साहेब, काल मी बोललो ते तसं नव्हतं.’ इथवर यायचं. पुढे लिहायचा, ‘तरी आमचं मांस उपसागरावर सर्वांत चांगलं आहे’ आणि मग ते कसं, हे लिहिताना पान संपायचं. पाच पानं गेली. एकातही ‘बंद’ हा शब्द नाही. शेवटी कागद चुलीत घातले आणि फोन लावला. तीन ठिकाणी थांबवून ठेवल्यावर व्हिटकोम आला.

“साहेब, मी त्या दिवशी खोटं बोललो. आमचं नाही भागलं. बहिणीचा हात गेला कामातून.”

 पलीकडून अतिशय अदबीनं, “मिस्टर इन्सली, मी तुमची अडचण समजू शकतो. भेटीनंतर तुमच्या संघटनेनं समजावलं असेल. मी नोंद करतो.”

“कुणी नाही समजावलं! मी माझ्या तोंडानं सांगतोय!”

“नक्की. मी नोंद करतो.”

तीन आठवड्यांनी लव्हर्नचा फोन आला. एलवुड शेडमध्ये बॉयलरची तोटी बदलत होता, फोन नेडीननं घेतला. ऐकत राहिली, मग खाली ठेवला.

“व्हिटकोमच्या त्या सभासदानं संसदेत भाषण केलं,” ती म्हणाली. “म्हणाला, धंदेवाले माणसं नाहीत म्हणून ओरडतात, पण मेरीलँडच्या एका शेडवाल्यानं आमच्या ऑफिसात बसून कबूल केलं की निम्म्या माणसांत त्याचं झकास भागतं. नाव नाही घेतलं तुझं.”

“मग मत?”

“विरोधात दिलं. जादा व्हिसा नाहीत.”

एलवुडनं तोटी घट्ट केली. मग सोडली. मग पुन्हा घट्ट केली. “त्याचं एकट्याचं मत थोडंच...”

“एकाच मतानं गेलं, एलवुड.”

एप्रिल लागला. खाडीचं पाणी कोमट झालं, खेकडे वर आले. यंदा तर असे आले की म्हातारे सांगायचे, दहा वर्षांत पाहिले नव्हते. टबी नावाचा एक होडीवाला धक्क्यावर टोपल्यांवर टोपल्या उतरवत होता. “काय कॅप्टन, कसं काय? किती घेतोस?”

एलवुडनं एक खेकडा उचलून तोलला. काठोकाठ भरलेला. खाली ठेवला.

“माल झकास आहे,” तो म्हणाला. “दे ट्रकवाल्याला. जाऊ देत जिवंतच बॉल्टिमोरला.”

टबीनं त्याच्याकडे पाहिलं, शेडच्या थंड पडलेल्या धुराड्याकडे पाहिलं आणि काही न विचारता टोपल्या ट्रककडे ओढायला लागला. तोही बेटावरचाच.

शेडमध्ये येऊन एलवुडनं भिंतीवरच्या सुऱ्या काढल्या. हंगामाच्या आधी दर वर्षी तो त्यांना धार लावायचा, एकेक करून, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. आज का लावत होता कोण जाणे. नेडीन ऑफिसच्या दारात उभी राहून बघत होती. आठवी सुरी दगडावर होती तेव्हा फोन वाजला.

“कॅप्टन! यंदा माझा फोन उशिरा, माफ करा. आईला बरं नव्हतं. बॅग भरलीय. सगळ्यांच्या भरल्यात. कागद कधी येतायत?”

“ओब्दुलिया,” एलवुड म्हणाला. “यंदा नाही.”

“काय नाही?”

“व्हिसा नाहीत. आमचं... आम्हाला नाही जमलं, ओब्दुलिया. शेड बंद करतोय.”

 ती खो खो हसत सुटली. “ऐका गं! कॅप्टन म्हणतात त्यांना जमलं नाही! कॅप्टनला!” मागे नऊ जणींचा गलका उठला. कुणीतरी टाळीही वाजवली. “बावीस वर्षांत पहिल्यांदा मस्करी केलीत, कॅप्टन, आणि ती पण इतकी वाईट. घाबरलेच मी क्षणभर. चला, खरं सांगा आता.”

“खरंच सांगतोय.”

“वादळात शेडचं छप्पर उडालं तेव्हा काय म्हणाला होतात? झकास. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा? झकास. आणि आता नाही जमलं म्हणे! बरं, ते राहू द्या. मिरच्या किती बाटल्या आणू?”

एलवुडच्या हातात लाल पट्टीची सुरी होती. अंगठा पात्यावरून फिरला, धार बघायला. बरोबर लागली होती.  मागून बाया अजून हसत होत्या.

“दोन,” तो म्हणाला.

नेडीन पुढे आली. डाव्या हातानं तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि शेडच्या बाहेर गेली, काचेचं दार मागे लावून. एलवुडला काचेतून ती दिसत होती, आवाज येत नव्हता. ती सावकाश बोलत होती. मग थांबली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली, पट्टा बांधलेला हात अंगाशी धरून.

उरलेल्या दोन सुऱ्यांना धार लावून झाली तरी ती तशीच दाराला पाठ लावून उभी होती.